एमआरआयच्या कागदाआधी पायाची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सरकलेली गादी ऑपरेशनशिवाय जागेवर बसवून मिळेल’ असे फलक पुण्यात जागोजागी दिसतात. पाठीच्या रुग्णांवर उपचार करणारे आम्ही काही डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट त्याबद्दल चार गोष्टी आपल्या वाचकांसमोर मांडू इच्छितो.

दोन मणक्यांमधली गादी जागची हलत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या कड्यात चिवट तंतूंचे पंधरा ते पंचवीस थर असतात आणि आत पाणीदार, मऊ गर असतो. वयाने, सततच्या वाकण्याने किंवा एखाद्या जोराच्या भाराने कड्याला मागच्या बाजूला चीर पडते आणि गर त्या वाटेने नसेच्या मुळाकडे येतो. नस दबते आणि गरातल्या रसायनांमुळे सुजतेही. वेदना या दोन्हींमुळे होते. म्हणूनच बाहेरून दाबून, ओढून किंवा कमरेवर पाय देऊन गादी ‘बसवता’ येत नाही. साधी उसण आपोआपच उतरते, त्यामुळे पायाळू माणसाने लाथ मारली की गुण आला असे वाटते. नस दबलेली असताना मात्र असा झटका धोक्याचा ठरतो.

कमरेतली सुमारे 95 टक्के प्रकरणे शेवटच्या दोन गाद्यांची असतात. चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीने नस दाबली, तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्यापर्यंत जाते, आणि टाचांवर चालताना पाऊल खाली पडते. त्याखालच्या गादीमुळे कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे उतरते, आणि त्या एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उंच होणे जमत नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, हे पाऊल लुळे पडत असल्याचे लक्षण आहे. खरी सायटिका, म्हणजे दबलेल्या नसेमुळे पायात जाणारी कळ, गुडघ्याच्या खाली उतरते. दुखणे फक्त कमरेत किंवा मांडीच्या मागे असेल, तर गादीने नस दाबल्याची शक्यता बरीच कमी असते.

हे सगळे तपासायला डॉक्टरांना दहा मिनिटे पुरतात. पण आज उलटे चालले आहे. आधी एमआरआय, मग अहवालातल्या ‘डिस्क बल्ज’ म्हणजे फुगलेली गादी या शब्दाची धास्ती, आणि पाय तपासायचा राहूनच जातो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 30 टक्के, पन्नाशीतल्या 60 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत फुगलेली गादी आढळली. म्हणजे पन्नाशीच्या कुणाचाही एमआरआय काढला तरी अहवालात बहुधा काहीतरी येईलच. चित्रातली गादी आणि पायातली कळ एकाच नसेची असेल, तरच त्या अहवालाला अर्थ आहे. धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची सहसा गरज नसते. साध्या एक्स-रेमध्ये तर गादी दिसतच नाही, दिसते ती फक्त दोन मणक्यांमधली फट. तेव्हा ‘गॅप आलाय’ एवढ्यावर घाबरू नये.

बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. बाहेर आलेला गर शरीर परका समजते आणि शरीराच्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. विशेष म्हणजे पूर्ण तुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरून जातो. त्यामुळे अहवालात ‘मोठी’ गादी दिसली म्हणजे ऑपरेशन अटळ, असे नाही.

या आठवड्यांत काय करावे? पूर्ण विश्रांती एक-दोन दिवसच. त्यापुढे पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात आणि बरे व्हायला उशीर लागतो. सपाट रस्त्यावर दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे चालावे. पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडीचा उतार काही आठवडे नको. सलग बसणे वीस-तीस मिनिटांवर नेऊ नये. झोपताना कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली. उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम अनेकांना मानवतो. त्याची कसोटी सोपी आहे: कळ पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर, कंबर थोडी जास्त दुखली तरी, व्यायाम योग्य आहे. कळ खाली पावलाकडे पसरली तर लगेच थांबावे. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कारातले पुढे वाकणे या काळात पूर्ण बंद. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकून केर काढणे किंवा बादली उचलणे टाळावे.

वजन उचलण्याबद्दल 1999 मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी डोळे उघडणारी आहे. एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून ती केली होती. ताठ उभे राहिल्यावर दाब 0.5 मेगापास्कल होता. वीस किलो वजन पाठ वाकवून उचलताना तो 2.3 झाला, गुडघे वाकवून उचलताना 1.7, आणि तेच वजन छातीशी धरून उभे राहिल्यावर 1.1. घरी येणारा पाण्याचा वीस लिटरचा जार सुमारे वीस किलोचा असतो, भरलेला गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचा. सिलिंडर उचलू नये, कडेवर फिरवत न्यावा. जार दोघांनी धरावा. स्कूटरवर गतिरोधकाचा दणका थेट कमरेत जातो, म्हणून कळ असेपर्यंत दुचाकी बंद ठेवावी. गणेशोत्सवाआधी ढोल पथकांचे सराव सुरू होतात. कमरेला बांधलेल्या ढोलाचा भार शरीरापासून पुढे असतो, म्हणजे गादीवर त्याचा ताण वजनाच्या कितीतरी पट पडतो. ज्यांच्या पायात कळ आहे त्यांनी यंदा ताशा घ्यावा किंवा झांज.

औषधांबाबत थोडक्यात. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा अल्सर असेल तर स्वतःहून मुळीच नाही. नाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. मणक्यातल्या इंजेक्शनने काही आठवड्यांचा दिलासा मिळू शकतो, पण ताणाच्या मशिनने काही ठोस फायदा होतो असे दिसलेले नाही. दिवसभर पट्टा बांधून ठेवू नये.

ऑपरेशनची भीतीही अवाजवी आहे. सूक्ष्मदर्शकातून केवळ नसेवरचा तुकडा काढतात आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. पायातली कळ लवकर थांबते, कंबरदुखी तितकी हमखास जात नाही, हे आधी सांगायला हवे. वर्षभराने पाहिले तर लवकर ऑपरेशन केलेले आणि वाट पाहिलेले बहुतेक जण सारख्याच स्थितीत असतात. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनंतरही कळ असह्य असेल, किंवा त्याआधीच पायातली ताकद कमी होत असेल, तेव्हा हा निर्णय घ्यावा.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा. जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही पायांत अशक्तपणा. यांतले एकही लक्षण नव्याने दिसले तर रात्र असो, सुट्टी असो, 108 ला फोन करून ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. अशा वेळी पहिल्या 48 तासांत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, ऑपरेशन झाले नाही तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रोज संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री पडल्यावरही न थांबणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा; आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत ही धोक्याची लक्षणे ठळक चौकटीत वारंवार छापावीत, ही विनंती. आणि शहरातल्या रेडिओलॉजिस्टांना आमचे आवाहन आहे की, अहवालाच्या तळाशी ‘हे बदल या वयात वेदना नसलेल्यांमध्येही आढळतात’ अशी एक ओळ मराठीत लिहावी.

आपले,
पाठीच्या विकारांवर काम करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट, पुणे