‘बोनान्झा’ आला कुठून?

पुणे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की टीव्ही, फ्रिज, गाड्या सगळ्यांवर ‘बोनान्झा’ लागतो. हा शब्द आला कुठून, असं तू विचारलं होतंस. उत्तर मेसेजात मावेना, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो.

आपण ज्याला घबाड म्हणतो तो याचा आजचा अर्थ. पण मुळात हा दर्यावर्दी लोकांचा शब्द. स्पॅनिशमध्ये बोनान्झा म्हणजे शांत समुद्र. त्याच्या मागे लॅटिनमधला ‘मलाकिया’ आहे आणि त्याच्याही मागे ग्रीकांचा मऊपणाचा शब्द. पण लॅटिनमध्ये ‘मालुस’ म्हणजे वाईट. निवांत समुद्राच्या नावात वाईट काहीतरी ऐकू येतंय, हे लोकांना खपलं नाही. त्यांनी तिथे ‘बोनुस’, म्हणजे चांगलं, बसवलं आणि शब्दाचा चेहराच पालटला. मला हे फार आवडतं. लाटांवर पोट असलेल्या माणसांनी नावातलंसुद्धा अशुभ पुसून टाकलं!

पुढे हा शब्द खाणीत उतरला. मेक्सिकोच्या खाणींत चांदीची भरघोस शीर लागली की खाण ‘बोनान्झा’त आणि नुसता दगड लागला की ‘बोरास्का’त. बोरास्का म्हणजे वादळ. इंग्रजीने तो इथूनच उचलला आणि तो गाजला अमेरिकेत, नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत.

१८५९ साली तिथे सोनं शोधणारे एका निळ्या-काळ्या चिखलाने वैतागले होते. माती धुवायच्या लाकडी पेट्यांत तो जड चिखल अडकून बसायचा, मग उपसून बाजूला फेकायचे. कुणीतरी थोडा कॅलिफोर्नियात तपासायला पाठवला, तर त्यात चांदी, तीही टनामागे हजारो डॉलरची! शोध लागला होता पीटर ओ’रायली आणि पॅट्रिक मॅक्लॉफ्लिन यांना. पण ‘जमीन माझी’ म्हणत हेन्री कॉमस्टॉक मध्ये घुसला आणि आख्ख्या खनिजपट्ट्याला नाव त्याचंच पडलं. एवढं करून त्याने आपला वाटा ११ हजार डॉलरच्या आसपास विकून टाकला आणि १८७० मध्ये मोंटानात आत्महत्या केली. वाचताना पोटात तुटलं रे.

खरा ‘बिग बोनान्झा’ लागला १८७३ मध्ये, अकराशे फुटांच्याही खाली. लागला तो चार आयरिश वंशाच्या भागीदारांना. त्यातला जॉन मॅके त्याच खाणींत दिवसाला ४ डॉलरवर राबलेला. फ्लड आणि ओ’ब्रायन सॅन फ्रान्सिस्कोत दारूचं दुकान चालवायचे. चौथा फेअर, खाणकामात मुरलेला. त्या खोलीवर उष्मा इतका, की कामगारांना बर्फ पुरवावा लागे. मॅके-फेअर यांना दगडाची पारख होती, म्हणून इतरांनी सोडलेल्या जागी ते खणत राहिले. त्याला नुसतं नशीब फळफळलं म्हणायला माझं मन घेत नाही.

आता एक काम कर. तू रत्नागिरीलाच आहेस. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की तुमच्याकडचे तांडेल त्याला काय म्हणतात, ते एखाद्या जुन्या माणसाला विचार. जसं बोलतील तसंच लिहून पाठव, शुद्ध करू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद