एकट्याच्याच हातातून मोबाइल काढून काय होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या मोबाइलवेडाचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. 'मोबाइल काढून घ्या, चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी विसरेल,' असं लेखकमहाशय लिहितात. हा उपाय मी घरात करून बसले आहे. त्याचं काय झालं ते सांगते.

मुलगा गेल्या वर्षी नववीत होता, बीजीएमआय हा मोबाइलवरचा ऑनलाइन लढाईचा खेळ खेळायचा. एका रात्री अकरा वाजता तिसऱ्यांदा हाक मारली, तर म्हणाला, "आई, दहा मिनिटं, मॅच चालू आहे." मी सरळ वायफायचं बटण बंद केलं. त्या खेळात चौघांचा स्क्वॉड असतो, शंभर जण मैदानात उतरलेले असतात आणि मधेच खेळ थांबवता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याचे तिघे सोबती हरले. थोड्या वेळाने त्यांचे व्हॉइस मेसेज आले, ते मी दारात उभी राहून ऐकले. त्याला शिव्या होत्या, आणि मलाही. त्यातला एक आमच्याच गल्लीतला, सुट्टीत 'काकू, पाणी द्या ना' म्हणत घरात येणारा. तो आवाज त्याचाच आहे यावर माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाला क्लॅनमधून, म्हणजे खेळातल्या त्यांच्या गटातून, काढलं. शाळेतही डब्याच्या सुट्टीत त्याच्याशी कोणी बोलेना. तीन आठवडे पोरगं एकटं बसून डबा खात होतं. मग शाळेतच जायचं नाही म्हणू लागलं. शेवटी वायफाय मीच सुरू करून दिलं.

गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे लेखात आहे आणि बरोबर आहे. पण हा विकार ठरवताना साधारण वर्षभराची वागणूक बघतात, हे कुठे लिहिलंय? रात्री जागणारा प्रत्येक मुलगा 'व्यसनी' कसा झाला? माझा मुलगा खेळासाठी जागायचा त्याहून जास्त, आपल्याला वगळतील या भीतीने जागायचा. नवख्याला 'नूब' म्हणून हिणवायचं, मॅच सोडली की सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं, जो जास्त घाण बोलेल त्याचा दरारा. या वागण्यावर लेखात एक ओळ नाही. बंदीनेही हे सुटलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झाला आणि पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नव्या नावाने मुलांच्या हातात आला.

मोहित्यांचे वडगावचं उदाहरण लेखकांनी दिलं, पण त्यातलं मर्म सोडलं. आमच्याच सांगली जिल्ह्यातलं ते गाव. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही बंद. भोंगा सगळ्या गावासाठी वाजतो. शेजारच्याचा मोबाइलही बंदच असतो, मग कुठलंच पोर एकटं पडत नाही. एका घरात एका आईने बटण दाबणं आणि हे, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

मी त्या तिन्ही मुलांच्या घरी जाऊन आले. एका वडिलांनी 'आमचा मुलगा असं बोलणारच नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं. मी त्यांना ते मेसेज ऐकवले, तेव्हा ते खाली बसले. आता चारही घरांत रात्री साडेनऊला मोबाइल कपाटात जातात. दोन महिने झाले, चौघं परत एकत्र डबा खातात.

अडचण आता शाळेची आहे. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा, असं पालकसभेत सांगतात आणि दहावीचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर पाठवतात, तोही रात्री पावणेदहाला. कपाट परत उघडावं लागतं. गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्या, असा लेखी अर्ज मुख्याध्यापकांना दोनदा दिला. अजून उत्तर नाही.

— एक आई, विटा (जि. सांगली)