प्रिय विन्याला, आपल्या जुन्या ड्रायव्हरबद्दल

प्रिय विन्या,

तीन महिने तुझ्या फोनला उत्तर दिलं नाही. शिव्या नंतर दे, आधी हे वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

आपल्या सिरिअल ड्रायव्हरमधली, म्हणजे केबलवरून येणारे बाइट उचलून ठेवणाऱ्या आपल्या प्रोग्राममधली, चूक सापडली. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला तो बिनतक्रार चालत होता. बाळ्याने वेग ११५२०० केला आणि जुनेच आकडे पुन्हा यायला लागले. तो केबल बदलत बसला. दोष केबलचा नाही रे! रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी साठवण) २५६ बाइटचा, म्हणजे जागा ० ते २५५, आणि हेड (पुढचा बाइट लिहायची जागा) शून्यावर आणायची अट ‘हेड > २५६’. म्हणजे एक बाइट बफरच्या बाहेर पडतो, आणि स्ट्रक्चरमध्ये बफरला लागून कोण? टेल, म्हणजे पुढचा बाइट वाचायची जागा! टेल ४० वर असताना ओळ संपवणाऱ्या कॅरेज रिटर्नचा कोड १३ त्यावर बसला की तेच २७ बाइट पुन्हा वाचले जातात. ९६०० ला दर फ्रेमनंतर (एक पूर्ण संदेश आला की) हेड आणि टेल दोन्ही शून्य व्हायचे, त्यामुळे बफर तिथवर भरतच नव्हता.

आता पुढची जागा (हेड + १) & २५५ अशी काढतो. ती टेलइतकी आली तर बाइट टाकून द्यायचा आणि मोजायचा, लिहायचा नाही. आधी डेटा, मग हेड. हेड फक्त इंटरप्टने (बाइट आल्याची चिपची हाक आली की चालणाऱ्या कोडने) बदलायचा, टेल फक्त वाचणाऱ्याने. ते शून्य करणं काढलंच.

१६५५०ए या सिरिअल चिपच्या ट्रिगरवरून, म्हणजे तिच्या १६ बाइटच्या फिफोत (रांगेत) किती बाइट साठले की इंटरप्ट द्यायचा यावरून, आपण भांडलो होतो. तू ८ म्हणायचास, मी १४. तुझंच बरोबर. ११५२०० ला एक बाइट ८७ मायक्रोसेकंदांचा. १४ वर उरतात दोन जागा, म्हणजे जेमतेम १७४ मायक्रोसेकंद. ८ वर जवळपास ७०० मिळतात. ओव्हररनचा (फिफो भरून बाइट हरवल्याचा) बिट चिपचं लाइन स्टेटस रजिस्टर वाचताच पुसला जातो, म्हणून तिथेच मोजून घे. आरटीएस (समोरच्याला ‘पाठव’ की ‘थांब’ ते सांगणारी तार) बफरमध्ये १९२ बाइट झाले की बंद, ६४ वर उतरले की चालू. समोरच्याच्या फिफोतले १६ बाइट त्यानंतरही येऊ शकतात.

तपासताना आरटीएस तोडून वाचणाऱ्याला ५० मिलिसेकंद थांबव. ५७६ बाइट येतील, गळतीचा आकडा वाढायलाच हवा. बफर आणि टेलच्या मध्ये १६५ चा एक पहारेकरी बाइट ठेव. तो बदलला तर अजून कुठेतरी भोक आहे.

झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने. सरांनी पाठवलेल्या सगळ्या बोर्डांत हाच कोड आहे. कुठले कुठे गेले, ती वही तुझ्याकडेच ना? आज रात्रीच काढ.

नव्या घराचं अभिनंदन. वहिनींना नमस्कार, चिंगीची परीक्षा कशी गेली ते कळव.

तुझा,
दिग्या