'कॉन्फिगरेशन सापडले नाही' ही एरर आणि परस्पर बंद केलेले टिकिट

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ईआरपीचे (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) अपडेट बसवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामातून फोन आला, मालाची आवक पोस्ट होत नाही. स्क्रीनवर एवढेच: 'आवश्यक कॉन्फिगरेशन सापडले नाही. आपल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' आमच्याकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. स्वतःशी संपर्क साधून पाहिला, काही निष्पन्न झाले नाही.

आपल्याकडे तक्रारीचे टिकिट टाकले. उत्तर आले, ब्राउझरची कॅश साफ करा. केली. मग म्हणे स्क्रीनशॉट पाठवा; तो पहिल्याच मेलला जोडलेला होता. तिसऱ्या दिवशी प्रतिनिधी बदलले आणि गाडी पुन्हा कॅशवर आली. तोवर गोदामात माल वहीत उतरवून घेत होते आणि महिनाअखेर तोंडावर म्हणून लेखा विभाग माझ्या डोक्याशी उभा.

शेवटी मीच खणायला घेतले. जुन्या मालाची आवक बिनबोभाट होत होती, अडत होता फक्त नव्या गटातला माल. म्हणजे युजरच्या अधिकारांचा प्रश्न नव्हता, आणि पोस्टिंगचा कालावधीही (ज्या मुदतीत नोंदी टाकता येतात तो) उघडाच होता. ट्रेस (प्रोग्रॅम पायरीपायरीने काय करतो याची नोंद) लावून एकच एन्ट्री चालवली. आवक पोस्ट करताना साठ्याचे खाते कोणते, हे प्रोग्रॅम एका टेबलमधून उचलतो. शोधताना कंपनी कोड, व्यवहाराचा प्रकार आणि मालाचा मूल्यांकन वर्ग (कोणत्या मालाचे मूल्य कोणत्या खात्यात जाते हे ठरवणारा) जुळवतो. नव्या गटाच्या वर्गाची ओळच तिथे नव्हती. चाचणीच्या टेस्ट सर्व्हरवर मात्र ती व्यवस्थित होती. हा गट आपल्याच सल्लागारांनी टेस्टवर उभा केला आणि अपडेटसोबत लाइव्हवर, म्हणजे रोजच्या कामाच्या सर्व्हरवर, आणला. गट आला, खात्याची ओळ मागेच राहिली.

थेट डेटाबेसमध्ये ओळ घुसवायचा मोह झाला होता, खोटे कशाला बोलू. पण तसे केले तर कोणी, कधी, काय बदलले याचा माग राहत नाही. म्हणून लेखा विभागाकडून खाते पक्के करून घेतले आणि टेस्टवरची ओळ रीतसर लाइव्हवर आणली. पुढच्याच मिनिटाला आवक पोस्ट झाली.

माझी खरी तक्रार त्या एररबद्दल आहे. ओळ राहून जाणे मी समजू शकतो, माणसे चुकतात. पण प्रोग्रॅम कोणत्या टेबलमध्ये, कोणत्या वर्गासाठी, काय शोधत होता हे त्याला त्या क्षणी ठाऊक होते. 'अमुक मूल्यांकन वर्गासाठी साठ्याचे खाते नेमलेले नाही' एवढे छापले असते तर लेखा विभागानेच ते ओळखले असते आणि माझ्यापर्यंत फोनही आला नसता. ट्रेस वाचता न येणाऱ्या ग्राहकाने काय करायचे?

त्यात मी दुरुस्ती कळवताच टिकिट 'ग्राहकाच्या बाजूने निराकरण' असा शेरा मारून बंद झाले. ते पुन्हा उघडावे आणि खरे कारण त्यावर नोंदवावे. हे तास आमच्या सपोर्ट करारातून वजा झाले आहेत, ते परत जमा करावेत. एररचा मजकूर कधी सुधारणार ते लेखी कळवावे, आणि यापुढे कोणतेही अपडेट लाइव्हवर नेण्याआधी दोन्ही सर्व्हरवरच्या कॉन्फिगरेशनची तुलना करून तिचा अहवाल आम्हाला द्यावा.

ट्रेसची फाइल सोबत जोडली आहे. कॅश साफ आहे.

आपला,
सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर