मामाचं नाव लिहायला घाबरू नकोस

शहापूर, बेळगाव

चि. बाळू,

अनेक आशीर्वाद.

बोटीच्या इंजिनाच्या क्लेमचे तू पाठवलेले कागद मी खालच्या दुकानातून छापून आणले आणि सगळे वाचले. विमा कंपनीचं पत्र, नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरचा अहवाल, अंकलीच्या मेकॅनिकचं कोटेशन. तुझा तो लांबलचक मेसेजही वाचला. त्यात शिव्या जास्त आणि माहिती कमी होती. फोनवर बोलायचं म्हटलं तर तू तापतोस आणि मागून मामा काहीतरी ओरडत असतो, म्हणून लिहायला बसले. मामा परवा माल घ्यायला येईल, त्याच्याच हाती हे पत्र देते.

पहिली गोष्ट, कंपनीने पाठवलेल्या त्या व्हाउचरवर अजून सही करू नकोस. त्यात 'फुल अँड फायनल', म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असं लिहिलं आहे. अशी सही केली म्हणून माणसाचा हक्क आपोआप संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ सालीच म्हटलं आहे. २०१५ मध्ये विमा नियामकानेही (IRDAI) कंपन्यांना सांगितलं की व्हाउचर दाखवून ग्राहकाचं तोंड बंद करू नका. पण सही केल्यावर ती दबावाखाली केली हे सिद्ध करायचं काम तुझ्या गळ्यात पडतं. न केलेल्या सहीला काहीच सिद्ध करावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. अहवालात एक वाक्य आहे आणि सगळा क्लेम त्या एका वाक्यावर उभा आहे. 'बोट काठाला बांधलेली असताना नदीचं पाणी वाढून इंजिन बुडालं.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. हे सर्व्हेअरला कोणी सांगितलं, असं मी तुला विचारलं तेव्हा तू गप्प बसलास. मग मामालाच फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, मी चालवत होतो म्हणून सांगितलं असतं तर माझ्या चुकीनं झालं म्हणून क्लेमच दिला नसता की त्यांनी. म्हणून बांधली होती म्हटलं."

बघ, तुला वाचवायला म्हणून मामा जे बोलला, त्यानेच तुझं नुकसान केलं.

कसं ते सांगते. इंजिन बंद असताना पाण्यात बुडालं तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, गंज चढतो, वायरिंग जातं. पण कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकत नाही, कारण काही फिरतच नसतं. रॉड वाकतो तो इंजिन जोरात चालू असताना पाणी आत ओढलं गेलं तर. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, आणि मधला रॉड वाकतो. आता सर्व्हेअरच्या जागी बस. त्याच्यासमोर वाकलेला रॉड आहे आणि त्याला सांगितलंय की इंजिन बंद होतं. तो काय लिहिणार? बाहेर काढल्यावर पाणी न काढताच कोणीतरी जबरदस्तीने चालू करायला गेलं, असंच लिहिणार. तेच त्याने लिहिलं. म्हणून रॉड, पिस्टन, क्रँक, म्हणजे जिथे खरा पैसा आहे ते सगळं त्याने 'नंतरच्या हाताळणीमुळे' म्हणून कापलं. मला त्या माणसाचा राग येत नाही. ऐकलेल्या गोष्टीवरून त्याने बरोबर उत्तर काढलं.

हे कापणं मला नवीन नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे फॉर्म भरून भरून माझी बोटं दुखली होती. पाणी उतरल्यावर ज्यांनी उतावीळपणे किल्ली फिरवली त्यांना सीट, वायरिंग, आतली सफाई यांचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाही. ज्यांनी गाडी ढकलत गॅरेजला नेली त्यांचा वाद झालाच नाही.

पण तुमची गोष्ट वेगळी आहे आणि खरी गोष्टच तुमच्या फायद्याची आहे. कृष्णेचं पाणी चढत होतं, लोकांची काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढायची घाई चालली होती. मामा दोन गड्यांना घेऊन त्याच कामाला निघाला होता. जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीची, लोखंडी पाइप एरवी डोळ्यांना दिसते, त्या दिवशी पाण्याखाली गेली होती. बोटीचा पंखा तिच्यावर आदळला, बोट आडवी झाली, मागची बाजू धारेत गेली आणि चालू इंजिनाने पाणी प्यालं. तिघेही पोहत काठाला आले हे नशीब. जाकिटं बोटीत घडी करून ठेवलेली होती म्हणे. त्यावर वेगळं बोलेन, समोरासमोर.

मामाला वाटतं तसा कायदा नाही. सागरी विम्याचा १९६३ चा कायदा आहे, आणि नदीतल्या बोटींच्या पॉलिसीही बहुतेक त्याच वळणाच्या असतात. त्याच्या ५५व्या कलमात लिहिलंय की मालकाने मुद्दाम केलेल्या नुकसानीला कंपनी पैसे देणार नाही. पण विमा ज्या धोक्याचा आहे त्यानेच नुकसान झालं असेल, तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, किंवा खलाशी हयगयीने वागला एवढ्यावरून कंपनी सुटत नाही, पॉलिसीत वेगळी अट नसेल तर. तुझ्या पॉलिसीत तशी अट मी शोधली, मला सापडली नाही. पाण्याखालच्या पाइपवर बोट आदळणं हा अपघात आहे. सुकाणू मामाच्या हातात होतं हे लिहिलंस म्हणून तो घालवता येणार नाही.

याच कलमात नेहमीची झीज वगळली आहे, आणि उंदरांनी केलेलं नुकसानही. कायदा करणाऱ्यांनी बोटी जवळून पाहिल्या असणार.

झिजेवरून आठवलं. इम्पेलरसाठी, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या चाकासाठी, भांडू नकोस. रबराची चीज ती, कृष्णेच्या गाळात किती टिकणार. फोटोत तिची पाती वळलेली दिसतात, ती काही एका दिवसात वळलेली नाहीत. गिअरचं तेल दुधासारखं झालंय असं मेकॅनिकने लिहिलं आहे. ते जर जाळ्याचा दोरा शाफ्टमध्ये अडकून सील कापल्यामुळे असेल तर तेही जुनंच दुखणं. दोन्ही मागणीतून काढून टाक. बेअरिंगच्या गंजाचंही तसंच. 'सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही' म्हणून तू इंजिन तसंच गोठ्यात ठेवलंस. हात लावायचा नाही म्हणजे पार्ट बदलायचे नाहीत, खोलून टाकायचं नाही. फोटो काढून, प्लग काढून पाणी बाहेर सोडायला आणि आत तेल मारायला कोणाची परवानगी लागत नाही. उलट नुकसान वाढू न देणं हे विमा घेणाऱ्याचं काम समजलं जातं. तेवढे पैसे गेले असं धर. ज्याच्यावर आपला हक्क नाही ते आपणच काढून टाकलं की उरलेल्या मागणीला वजन येतं. सगळंच मागणाऱ्याचं सगळंच संशयाने वाचलं जातं, ते मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ पाहिलं आहे.

उरलं काय? पंखा, त्याच्या खालचा मोडलेला पर, शाफ्ट, वाकलेला रॉड, पिस्टन, पाण्याने गेलेलं वायरिंग. हे सगळं एका धडकेचं आणि त्याच मिनिटाला आत गेलेल्या पाण्याचं. हे मिळायला हवं, पॉलिसीप्रमाणे आपण सोसायची वजावटीची रक्कम सोडून.

आता पुरावा. पंख्याचं एक पातं मुडपलं आहे आणि खालचा पर तुटला आहे, हे सर्व्हेअरच्याच फोटोत आहे. बांधलेल्या बोटीचं पातं असं मुडपत नाही, हे त्याच्या लक्षात आणून दे. इंजिन चालू करायची दोरी ओढली तेव्हा काय झालं, हे मेकॅनिकला त्याच्या शब्दांत लिहून द्यायला सांग. तू मला म्हणालास की पहिल्याच ओढीला दोरी अडकली. म्हणजे इंजिन आधीच जाम होतं. तुमच्या इंजिनाला सेल्फ-स्टार्ट नाही. नुसती दोरी ओढून माणसाचा खांदा निखळेल, रॉड वाकणार नाही. हे त्याने लिहावं, तू नाही. दोघा गड्यांचे जबाबही घे, प्रत्येकाचा वेगळा. दोघांचे शब्द अक्षरशः सारखे नसावेत. सारखे असले की कोणीतरी सांगून लिहिल्यासारखे वाटतात.

सगळ्यात मोठा पुरावा तर तू शत्रू समजतोस त्या माणसाकडे आहे. ज्याची पाइप वाकली त्याने पंचायतीत अर्ज दिलाय ना तुमच्याविरुद्ध? त्या अर्जात काय लिहिलंय? अमक्या दिवशी, अमक्या वेळी, चालत्या बोटीने माझी पाइप मोडली. बाळू, तुझ्या बाजूचा याहून चांगला कागद मी तुला लिहून देऊ शकणार नाही. बोट चालू होती हे तो माणूस तुमच्या भल्यासाठी बोललेला नाही, म्हणूनच त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवेल. अर्जाची शिक्का मारलेली नक्कल पंचायतीतून घे. तो कन्नडात आहे, तसाच राहू दे, सोबत इंग्रजी भाषांतर जोड.

आणि त्याच्याशी भांडण थांबव. तुझ्याकडे दोन पॉलिसी आहेत, तू त्यांना एकच समजतोस. इनलँड व्हेसल्सच्या, म्हणजे नद्यांमधल्या बोटींच्या, २०२१ च्या कायद्याने जो विमा सक्तीचा आहे तो दुसऱ्याच्या जिवाचा आणि मालमत्तेचा. त्यातून तुझ्या इंजिनाचा एक नटही येणार नाही, पण त्याची पाइप येऊ शकते. तुझ्या इंजिनाची दुसरी, हल-मशिनरीची, म्हणजे बोटीच्या सांगाड्याची आणि यंत्राची. पाइपचा अर्ज आल्याचं पहिल्या पॉलिसीच्या कंपनीला लगेच लेखी कळव.

खरं सांगण्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. आधी एक सांगितलं, आता दुसरं सांगताय, असं म्हणून कंपनी अडून बसू शकते. खोटी माहिती दिल्याचं कलम जवळपास प्रत्येक पॉलिसीत असतं. म्हणून आडून आडून लिहू नकोस, 'गैरसमज झाला' असलं काही नको. सर्व्हेअर हिंदीत विचारत होता, मामा मराठीत सांगत होता, त्यामुळे घोटाळा झाला, अशी सबब मामाने सुचवली आहे. ती वापरायची नाही. सरळ लिहा. बोट चालवणाऱ्याने आपल्यावर दोष येईल या भीतीने बोट बांधलेली होती असं तोंडी सांगितलं. ते बरोबर नव्हतं. घडलेलं असं आहे, आणि त्याचे कागद हे आहेत. खाली मामाची सही. नशिबाने तुझ्या क्लेम फॉर्ममध्ये तू फक्त 'पाण्यात बुडून नुकसान' एवढंच लिहिलं होतंस. ते अपुरं आहे, पण खोटं नाही.

कळवायला चार दिवस उशीर झाला असं पत्रात एक वाक्य टाकलं आहे, त्याने घाबरू नकोस. नुसत्या उशिरावरून खरा क्लेम नाकारू नये असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. त्या चार दिवसांत रस्ता पाण्याखाली होता, एवढं लिही.

असं खरं लिहिलेलं पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने जाऊ दे, ईमेलही कर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, सुनावणी व्हिडिओवरही होते. कंपनीच्या शेवटच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाचा निवाडा कंपनीला बांधील, तुला नाही. पटला नाही तर इथे बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहेच, त्याला दोन वर्षांची मुदत. पण आधी आयोगात गेलास तर लोकपाल तुझी तक्रार घेणार नाही. तुझ्या मित्राने कोणी वकील गाठलाय आणि तो थेट आयोगात चल म्हणतोय, असं कळलं. त्याला नमस्कार सांग.

कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा मी केला आहे, सोबत जोडते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मामाचा जबाब मात्र मी लिहिलेला नाही. तो त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा, जसा बोलतो तसा. शुद्धलेखन सुधारू नकोस.

वाकलेला रॉड आणि मोडलेला पंखा भंगारवाल्याला जाता कामा नये. कापडात बांधून, वर इंजिनाचा नंबर आणि तारीख लिहून मामीच्या कपाटात ठेव. नंबर बोटीला इंजिन अडकवतात त्या पट्टीवर असतो, चिखल पुसून पाहा.

तुझी,
आई

ता. क. पाइपवाल्याकडून दुरुस्तीचं बिल मागून घे. पण कंपनीला विचारल्याशिवाय त्याला पैसे देऊ नकोस, आणि देतो म्हणून कबूलही करू नकोस.