हुकूम न सोडणारे अध्यक्षपद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंटरनेटचा कारभार म्हटले की आपल्यासमोर मोठ्या कंपन्यांचे प्रमुख येतात. मी 27 वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकवले, म्हणून एका वेगळ्या पदाविषयी लिहितो आहे. ते म्हणजे इंटरनेट रिसर्च टास्क फोर्सचे, अर्थात आयआरटीएफचे अध्यक्षपद. 2025मध्ये ते ग्लासगो विद्यापीठाच्या कॉलिन पर्किन्स यांच्याकडून डर्क कुचर यांच्याकडे आले. मराठी वृत्तपत्रांत त्याची एक ओळही माझ्या वाचनात आली नाही.

ही रचना 1989ची. रोजच्या इंटरनेटची तांत्रिक मानके इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, अर्थात आयईटीएफ ही संस्था ठरवते. आयआरटीएफने मानके ठरवायची नाहीत, पुढे उभ्या राहणाऱ्या प्रश्नांवर संशोधन करायचे. अध्यक्षाची नेमणूक इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड दोन वर्षांसाठी करते. काम स्वयंसेवी. हाताखाली संशोधकांची फौज नाही. कोणता संशोधन गट सुरू करायचा, कोणता बंद करायचा आणि त्याची सूत्रे कोणाकडे द्यायची, हाच काय तो अधिकार. त्यातही बंद करणे अवघड, कारण तिथे माणसे वर्षानुवर्षे राबलेली असतात.

या पदाची खरी कसोटी मला 2013च्या अखेरीस दिसली. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची पाळत तिच्यासाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी नुकतीच उघड केली होती आणि आयआरटीएफच्या क्रिप्टो, म्हणजे माहिती कूटबद्ध करण्याच्या तंत्रावरच्या गटाचा एक सहअध्यक्ष एनएसएचाच कर्मचारी होता. त्याला काढा, अशी मागणी झाली. तेव्हाचे अध्यक्ष लार्स एगर्ट यांनी ती मान्य केली नाही. गटप्रमुख चर्चा चालवतो, तिचा निष्कर्ष ठरवत नाही, ही त्यामागची भूमिका. लोकांचा विश्वास उडालेला असताना असे नियमावर बोट ठेवणे मला त्या वेळी कोरडे वाटले होते. आज माझे मत बदलले आहे. नोकरी कुठे आहे हे पाहून माणूस काढण्याची प्रथा पडली असती, तर उद्या कोणत्याही देशाच्या संशोधकाला तीच वागणूक मिळाली असती. पुढे त्या गटात नवे सहअध्यक्ष आले आणि जानेवारी 2016मध्ये त्याच गटातून आरएफसी 7748 हा तांत्रिक दस्तऐवज बाहेर पडला. त्यातले ‘कर्व्ह 25519’ हे कूटबद्धतेचे गणिती वक्र आज ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातले गुपित राखण्यासाठी सर्रास वापरले जाते. आपले बँकेचे व्यवहारही अशाच गणितावर विसंबून असतात.

एवढा धीर धरणारी माणसे आपल्याकडेही आहेत. इंटरनेट सर्वांपर्यंत कसे पोहोचेल, हा प्रश्न घेऊन आयआरटीएफमध्ये ‘गाया’ नावाचा गट आहे. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर ब्रॉडबँड पोहोचवण्याचे प्रयोग केले, ते याच प्रश्नावर. या संशोधन गटांत कोणीही भाग घेऊ शकतो, त्यासाठी शुल्क भरून सभासद व्हावे लागत नाही. मसुदे सर्वांना खुले असतात. सांगलीत बसूनही ते वाचता येतात, त्यातल्या चुका दाखवता येतात, आणि चूक खरी असेल तर ती मान्य होते.

मग आपली माणसे तिथे इतकी थोडी का? माझ्या एका सहकाऱ्याने वर्षभर रात्री जागून अशाच एका गटाचे मसुदे तपासले. महाविद्यालयाच्या वार्षिक मूल्यमापनात त्याला त्याचा एकही गुण मिळाला नाही, कारण अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. पुढच्या वर्षी त्याने ते काम सोडले. गटप्रमुख आणि त्यातूनच पुढे अध्यक्ष होणारी माणसे या निनावी कामात घडतात, हे मला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पटवून देता आले नाही, याची आजही खंत वाटते.

विद्यापीठांनी यंदाच्या मूल्यमापन अर्जात तो एक रकाना घालावा, ही विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली