'योग्य होस्ट' शोधणाऱ्या कमांडबाबत तक्रार, चौथ्या कॉलनंतर

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख

आजचा चौथा कॉल एक तास दहा मिनिटं चालला आणि तिकीट पुन्हा 'निराकरण झाले' म्हणून बंद झालं. म्हणून आता लेखी.

नव्या व्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) होस्ट, म्हणजे ते चालवणारा खरा सर्व्हर, शोधायची तुमची कमांड मी लूपमध्ये, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा, चालवली. आठ होस्ट, बारा नवी व्हीएम, प्रत्येकाला १६ जीबी रॅम. बाराही वेळा तिने एकच होस्ट पहिला दिला, पाच तारे लावून. ती फक्त त्या क्षणी मोकळी दिसणारी रॅम बघते. मघाशी तिच्याच सांगण्यावरून तिथे पाठवलेली, अजून बूट होत असलेली व्हीएम तिच्या हिशेबातच नाहीत. डेटाबेसच्या दोन प्रती वेगवेगळ्या होस्टवर ठेवायचा नियम लावलेला होता, तोही तिने बघितला नाही. रॅम संपली, स्वॅपिंग (रॅमऐवजी संथ डिस्कवर काम भागवणं) सुरू झालं, पहाटे होस्ट आडवा. दोन्ही प्रती एकदमच गेल्या.

आणि एकही होस्ट बसत नसेल तेव्हा? रिकामी ओळ आणि एक्झिट कोड ०. म्हणजे स्क्रिप्टला वाटतं सगळं आलबेल आहे.

आता आजचा संवाद. पहिला प्रश्न, "सर, मशीन रीस्टार्ट करून बघितलं का?" कोणतं, आठ होस्ट, बारा व्हीएम की माझा लॅपटॉप? "सगळीच, सर." मग, "स्क्रिप्ट कोणी लिहिली?" म्हटलं, लूप माझा, चार ओळींचा, कमांड तुमची. "म्हणजे कस्टम स्क्रिप्ट. ती सपोर्टमध्ये येत नाही." मी लूप काढला, स्क्रीन शेअर केली, कमांड हाताने लागोपाठ दोनदा चालवली. दोन्ही वेळा तोच होस्ट. पलीकडे बराच वेळ शांतता. आणि मग, "सर, योग्य म्हणजे काय, हे शेवटी ज्याचं त्याने ठरवायचं असतं."

कमांडच्या नावात 'योग्य' हा शब्द तुम्ही घातलाय हो! मी हिशेब विचारला, मिळालं अध्यात्म. वर सल्ला: "माउसने निवडून बघा ना." बारा वेळा क्लिक करण्याची हौस असती तर कमांडलाइनकडे वळलो असतो कशाला?

व्हीएम हलवायला गेलो तेव्हा पुढचा धक्का. तो होस्ट नवा, त्याच्या सीपीयूत एव्हीएक्स-५१२ (आकडेमोडीच्या जादा सूचनांचा संच) आहे. बाकीच्या जुन्यांत नाही. नव्यावर बूट झालेलं व्हीएम चालू ठेवून जुन्यावर नेता येत नाही, बंदच करावं लागतं. तारे वाटताना हे एका ओळीत सांगता आलं नसतं?

ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरमधला व्हीएम सांभाळणारा भाग, नोव्हा, आधी न बसणारे होस्ट गाळतो, उरलेल्यांना वजन देतो आणि व्हीएम सुरू व्हायच्या आधीच निवडलेल्या होस्टवरची जागा नोंदवून ठेवतो. फुकटात. व्हीएम चालवणारं केव्हीएम तर २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. इतकी वर्षं वरिष्ठांपुढे तुमची बाजू मीच मांडत आलो, याची आता लाज वाटते.

तिकीट उघडा. आणि तो एक्झिट कोड ० बदला, हे चौथ्यांदा सांगतोय. पुढचा कॉल ज्याने ही कमांड लिहिली त्यानेच करावा. लायसन्स नूतनीकरणाचा कागद माझ्या टेबलावर आहे, सही केलेली नाही.

आपला (तूर्तास) ग्राहक